दोन स्पीकर आणि आबा

आमच्या उलव्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध एक खुर्ची आहे. ती भिंतीला लावायची नाही, टीव्हीकडे वळवायची नाही आणि पाहुणे आले तरी उचलून बाल्कनीत न्यायची नाही, असा माझा हुकूम आहे. बायको झाडताना ती हलवते आणि मुद्दाम चार बोटं इकडेतिकडे ठेवते. मी घरी आल्याबरोबर आधी खुर्ची जागेवर आणतो, मग बूट काढतो. त्यावर तिचं ठरलेलं वाक्य आहे, "देव्हाऱ्यालासुद्धा एवढं सोवळं नाही आपल्याकडे."

खुर्चीसमोर दोन स्पीकर आहेत. माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढी प्लायवूडची खोकी, मी बांधलेली. दोघांच्या मध्ये बसक्या कपाटावर अ‍ॅम्प्लिफायर आहे, तोही मी बांधलेला. खुर्चीत बसून डोळे मिटले की गाणारी बाई दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये उभी राहते. तिथे खरं तर नुसती भिंत आहे. जिथे कुणी नाही तिथे माणूस उभा करायचा, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ. खुर्ची चार बोटं सरकली की बाईही सरकते, म्हणून माझी कटकट.

हा माझा छंद आहे असं मी लोकांना सांगतो. ते तितकंसं खरं नाही. मला त्या खुर्चीत एकच माणूस बसवायचा होता, माझे वडील. आणि त्यांनी बसून, पूर्ण गाणं ऐकून, मला आवाजातलं कळतं एवढं म्हणायला हवं होतं. कारण कळत नाही असं ते चारचौघांत म्हणाले होते.

आबांचा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डी वाजवायचं यंत्र, बॅटऱ्या आणि वायरची भेंडोळी. या सगळ्याला मिळून 'सेट' म्हणायचे. लग्न असो, बारसं असो, निवडणूक असो, आसपासच्या सगळ्या वाड्यांना आबांचाच सेट लागायचा. थोरला भाऊ आणि मी, दोघेही हाताखाली. थोरला झाडावर चढून भोंगे बांधायचा. त्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. यंत्र जळालं की ते उघडून, ट्रान्सफॉर्मरची तार सोडवून पुन्हा गुंडाळणारा मी. आणि तरीही आबांनी धंद्यातून अंग काढून घेतलं तेव्हा सगळा सेट थोरल्याला दिला. आत्याच्या घरी जेवणाच्या पंगतीत सगळे नातेवाईक बसलेले असताना म्हणाले, "सेट थोरल्याला. धाकट्याला आवाजातलं काय कळत न्हाई."

मी भरल्या ताटावरून उठलो. आत्या मागे धावली, पण मी काही परत बसलो नाही. पुढे थोरल्याने तो सेट पडवीत सडवला आणि शेवटी भंगारवाल्याला घातला. त्याबद्दल त्याला कुणी एक शब्द बोललं नाही, हेही मी विसरलेलो नाही.

मी नवी मुंबईत आलो तो ही गोष्ट उराशी धरूनच. महाप्यात एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला लागलो. पुढे पावण्यात स्वतःची शेड घेतली. आज आमच्याकडे यंत्रांवर तार गुंडाळली जाते, पण माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर मी हाताने गुंडाळले. तारेचा एक पदर दुसऱ्यावर चढला तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. कामगार म्हणायचे, शेटचं डोकं फिरलंय, फॅक्टरीचा माल सोडून घरचा रेडिओ बनवतायत.

बाकीचं सामान मी घासाघीस करून जमवलं. घासाघीस मला आबांनीच शिकवली. "मालाला हात लावताना तोंड वाकडं ठिवायचं. चांगला म्हणलास की गेलास." सीवूड्सच्या एका टॉवरमध्ये एक गृहस्थ परदेशी जायच्या घाईत होते. त्यांच्या स्पीकरची खोकी दमटपणाने फुगली होती, पण आतले गोल पडदे अस्सल होते. ते वाजायला लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. मी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आणि म्हणालो, "आवाज जरा नाकात आहे, नाही?" गृहस्थ बिचारे पडदा न्याहाळत राहिले. "तसं वाटतं खरं," म्हणाले. नंतर त्यांनी मला चहा पाजला आणि लिफ्टपर्यंत खोकं धरायला आले.

नवी खोकी मी सुताराकडून करून घेतली. त्याच्याशी माझं दोनदा भांडण झालं, कारण त्याला वाटायचं की आत कुणी बघत नाही तर आतून घासायचं कशाला. मग जाड आवाज मोठ्या पडद्याला आणि बारीक आवाज छोट्या पडद्याला वाटून देणारी जाळी मी स्वतः जोडली. तिच्यात रोज काहीतरी बदल. एक गुंडाळी काढ, दुसरी घाल. कॅपॅसिटर बदल, पुन्हा जुना लाव. नव्या फ्लॅटच्या गुळगुळीत भिंतींवर आवाज आपटून घुमायचा, म्हणून मी खुर्चीच्या मागच्या भिंतीवर गावाकडची गोधडी लटकवली. बायको म्हणाली, "पाहुण्यांना वाटेल वाळत घातलीय." शेवटी तडजोड झाली. गोधडी राहणार, पण तिच्या माहेरची, लाल काठाची, आणि वर सागवानी दांडी लावून, चित्रासारखी. व्यवहारात ती माझ्यापेक्षा तसूभर पुढेच आहे.

आई गेल्यावर आबा थोरल्याकडेच राहायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले, मग दुसऱ्या डोळ्यासाठी थांबले, आणि मग परत जायचा विषय कुणी काढला नाही. डोळ्यांवरची पट्टी निघाली त्या रविवारी सकाळी मी त्यांना खुर्चीत बसवलं. बायकोने शिरा केला होता. मी महिनाभर आधीच ठरवून ठेवलेलं भावगीत लावलं. तबला डावीकडे, व्हायोलिन उजवीकडे, बाई मध्ये. मी सोफ्याच्या हातावर बसून आबांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"वाढीव," आबा म्हणाले.

मी वाढवला.

"आजून वाढीव."

अजून वाढवला. पहिलं कडवं संपायच्या आत आबा उठले, चपला घातल्या आणि दार उघडून निघून गेले.

गाणं संपलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवून आवाजाबद्दल विचारलं, ते बायकोने निस्तरलं. बऱ्याच वेळाने आबा परत आले आणि शिऱ्याची बशी घेऊन बसले.

"कुठे गेला होतात?"

"खाली."

"गाणं चालू होतं, आबा."

"व्हय की. चालूच व्हतं."

"मग? कसं वाटलं?"

आबांनी शिऱ्यातला बेदाणा बाजूला काढला. "वारं खातंय जरा," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "हॉलमध्ये कुठलं वारं? पंख्याचं? एवढी वर्षं मरमर मरून केलं, ते पंख्याच्या वाऱ्यात जातंय?" असं बरंच बोललो. बायकोने डोळे वटारले म्हणून थांबलो. आबा शांतपणे शिरा खात होते. अपमान करावा तर असा, गोड खाताखाता, असं मला वाटलं.

पुढचे काही आठवडे मी इरेला पेटलो. बारीक आवाज टोचत असेल म्हणून छोट्या पडद्यांची धार कमी केली. जाड आवाज कमी वाटत असेल म्हणून मोठी गुंडाळी शेडमध्ये नेऊन पुन्हा गुंडाळली. स्पीकर थोडे आत वळवले, मग बाहेर वळवले. शहनाई लावली, भजन लावलं, नाट्यसंगीत लावलं. दर रविवारी तेच. आबा बसायचे, वाढव म्हणायचे, आणि उठून चालू पडायचे. परत येऊन कधी म्हणायचे "बोल फुटत्यात", कधी "आज बरं हाय, वारं पडलंय". एकदा मी दाराला आतून कडी घातली, तर ते जाऊन बाल्कनीत उभे राहिले आणि वाकून खाली बघायला लागले.

त्यात भर म्हणजे गाडीत ते मला उत्तरच द्यायचे नाहीत. डोळ्यांच्या तपासणीला मी त्यांना गाडीतून वाशीला न्यायचो. आबा पुढे माझ्या शेजारी, बायको त्यांच्या मागच्या सीटवर. मी गाडी चालवता चालवता सांगायचो, नवी गुंडाळी कशी जाड तारेची घातली, तिने काय फरक पडला. आबा खिडकीबाहेर खाडीकडे बघत असायचे. अख्खा पाम बीच रोड मी एकटा बडबडायचो आणि वाशी येईस्तोवर गप्प व्हायचो. तेवढ्यात मागून बायको खिडकीच्या बाजूने पुढे वाकून हळूच विचारायची, "आबा, पाणी देऊ?" की लगेच, "दे गं पोरी. किती ऊन हाय बघ." म्हणजे सुनेशी गोडीगुलाबी आणि मुलाशी मौन. मी गिअर जरा जोरातच टाकायचो.

एक गोष्ट मात्र मला गमतीची वाटायची. आमच्या बाल्कनीवरून आता विमानं जायला लागली आहेत. आवाज आला की आबा उठून बाल्कनीत जायचे आणि नेमकं उलट्या दिशेला बघायचे. विमान डोंगराकडून यायचं, आबा खाडीकडे मान वर करून उभे. "आबा, इकडे!" म्हणून मी हसायचो. बायको हसायची नाही. तिच्या कपाळावर आठी दिसायची, पण तेव्हा मी विचारलं नाही.

उलगडा अर्धा केला तो गेटवरच्या वॉचमनने. मी गाडी आत घेत होतो, तर तो खिडकीपाशी आला. "साब, बाबाजी का टेस्टिंग कब खतम होगा?"

"कसलं टेस्टिंग?"

"संडे को गाना चालू होता है तो बाबाजी सीढ़ी से उतरते हैं। पहले बगीचे में रुकते हैं, फिर पार्किंग में, फिर यहाँ गेट पे। कान लगाके सुनते हैं। मेरे को पूछते हैं, बोल समझ में आ रहा है क्या? मैं बोला, बाबा, मराठी गाना मेरे को कहाँ से समझेगा!"

मी गाडी तिथेच उभी ठेवली. मागच्याने हॉर्न वाजवला तरी मला सुचेना. कारण ही चाल मला पाठ होती. गावाकडे भोंगे बांधून झाले की आबा रेकॉर्ड लावायचे, मला यंत्रापाशी बसवायचे आणि चालायला लागायचे. मांडवाबाहेर, मग मरीआईच्या देवळापर्यंत, मग ओढ्यापर्यंत. जिथपर्यंत शब्द कळतो तिथपर्यंत आवाज. भोंग्यासमोर उभं राहून आवाज जोखतो तो अडाणी, असं ते म्हणायचे. परत येऊन सांगायचे, डावा भोंगा वीतभर खाली घे, वारं खातंय. आबा माझ्या स्टिरिओची टिंगल करत नव्हते, त्याची तपासणी करत होते. लग्नाच्या सेटसारखी.

राग जायला हवा होता. तो वाढला. वर जाऊन मी थेट विषयाला हात घातला.

"आबा, हे लग्न नाही."

"नसंल. आवाज हाय नव्हं?"

"हा आवाज या खुर्चीपुरता केलाय मी. गेटपर्यंत न्यायला नाही."

"येका खुर्चीसाठी येवढी दोन खोकी?"

"हो."

"मग घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं?"

आतून बायको मोठ्याने म्हणाली, "विचारा, विचारा!"

"तुम्ही एकदा फक्त बसा," मी म्हणालो. "पूर्ण गाणं. एकच."

"बसून काय कळतंय?" आबा म्हणाले आणि पेपर उघडला. मी पुढे जे बोललो त्यात सेट, थोरला, पंगत, भंगारवाला, सगळं येऊन गेलं. आबांनी पान उलटलं.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे माझं बंद झालं. त्यांना फरक पडलेला दिसत नव्हता. त्याचंच मला जास्त लागत होतं.

शेवटी बायको स्वयंपाकघरात भजीचं पीठ कालवता कालवता म्हणाली, "तुम्ही नेहमी त्यांच्याशी उजवीकडून भांडता."

"म्हणजे?"

"गाडीत तुम्ही उजवीकडे. सोफ्यावरही उजवीकडे. एकदा डावीकडून भांडून बघा. ऐकू येईल."

"म्हणजे आबांना ऐकू येत नाही?"

"फोन बघा ते कुठल्या कानाला लावतात. जेवायला बसताना उजवा हात भिंतीकडे येईल अशी जागा धरतात, म्हणजे त्या बाजूला कुणी बसायला नको. विमान का सापडत नाही त्यांना? एका कानाने दिशा कळत नाही माणसाला. माझ्या आजीचं तसंच होतं."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"आले त्याच आठवड्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी लपवलंय म्हटल्यावर मी कोण सांगणार? आता तुम्ही घरात तोंड फुगवून बसलात, म्हणून सांगितलं."

मी हॉलमध्ये गेलो. आबा सोफ्यावर पेपर वाचत होते. उजव्या बाजूला उभा राहून मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आबा, भजी आणू?" काहीच नाही. पापणीसुद्धा हलली नाही. मी सोफ्याला वळसा घालून डाव्या बाजूला आलो आणि तेच, तितक्याच आवाजात विचारलं.

"आण की," आबा म्हणाले. "मिरचीची बी आण दोन."

मी भजी आणली. डावीकडेच बसलो. त्यांची एक मिरची खाऊन होईपर्यंत थांबलो.

"उजवा कान कधीपासून, आबा?"

आबांनी पेपरची घडी घातली, ती पुन्हा नीट घातली. "सूनबाईनं सांगितलं?"

"मला कळलं."

"तुला कुठनं कळतंय," ते म्हणाले. मग पेपर बाजूला ठेवून, "मशीनपाशी बसायचं तर येक भोंगा कायम ह्याच अंगाला. तू गावात व्हतास तवाच कमी झाला व्हता. मग हळूहळू गेलाच."

"एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"लाउडस्पीकरवाला भैरा म्हणल्यावर सुपारी कोण देतंय? गाव हसलं असतं."

"आता कुठे सुपारी आहे?"

"आता सवय लागली नव्हं, लपवायची."

मी विचार केला, हा माणूस आज बोलतोय तर तेही विचारून घ्यावं. "सेट मला का दिला नाहीत?"

"तू गिऱ्हाइकाशी भांडला असतास. मांडवात. वऱ्हाडासमोर."

"मी भांडत नाही!" मी एवढ्या जोरात म्हणालो की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. आबांनी नुसती मान हलवली.

"आणि आवाजातलं कळत नाही म्हणाला होतात ते? पंगतीत?"

"आसं म्हणलो मी?" आबांना खरंच आठवत नव्हतं. "नसंल म्हणलो."

माझं अर्धं आयुष्य ज्या वाक्यावर निघालं ते वाक्य त्यांच्या लक्षातही नाही. मिटवून टाका म्हणणारे पुष्कळ भेटले. माझ्याच्याने ते मिटत नाही. मांडवातल्या भांडणाचं कारणही मला अजून पटलेलं नाही.

वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर कानाचे डॉक्टर होते, त्यांनाही दाखवून आणलं. शीर मेली आहे, त्या कानाला मशीन लावून उपयोग नाही, म्हणाले. आबा खूश झाले. "बरं झालं. कानात खुट्टी नको." येताना मी बायकोला पुढे गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः मागे, आबांच्या डाव्या खांद्यापाशी वाकून बसलो. सगळी गुंडाळी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. "तांबं म्हागात पडलं आसंल," ते म्हणाले. बायकोला हसू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर मी खुर्चीत बसलो, तेच भावगीत लावलं आणि उजव्या कानात बोट घातलं. बाई मधून निसटली आणि डाव्या खोक्याला टेकून उभी राहिली. व्हायोलिन शेजारच्या खोलीत गेलं आणि मध्ये दार लोटलेलं. मी एकेक बोट मोजून ज्या खुर्चीची जागा ठरवली, त्या खुर्चीत आबांना अर्धंच गाणं मिळत होतं. खाली गेटवर दोन्ही खोक्यांचे आवाज मिसळून एक होत होते. तिथे गाणं पुरतं होतं. म्हणजे तपासणी तर ते करतच होते, पण गाणंही त्यांना तिथेच ऐकू येत असणार.

करायचं काय ते मला लगेच कळलं आणि करावंसं वाटेना. डावा-उजवा भेद काढून टाकायचा, दोन्हीकडचं एकत्र करून एकाच खोक्यातून सोडायचं. आमच्यासारखे घरी स्टिरिओ बांधणारे जे काही लोक आहेत, त्यांच्यात हे कुणाला सांगायची सोय नाही. सोनाराने पितळेच्या बांगड्या घडवाव्यात तसं. पण शेडमध्ये जुन्या पॅनेलमधून काढलेला एक दणकट खटका पडला होता. तो घरी आणला. दोन्ही वाटा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरायच्या आधीच एकत्र करायच्या आणि खटका दाबला की उजवं खोकं गप्प, सगळं गाणं डाव्यात. काम सोपं होतं. जड गेलं ते पुढच्या पत्र्याला भोक पाडणं. तो पत्रा पावडर कोटिंगवाल्याने मला तीन वेळा परत रंगवून दिला होता, तिसऱ्या वेळी हात जोडून. त्याच्या काळ्याभोर तोंडावर मी ड्रिल लावलं तेव्हा बायको शेजारी येऊन उभी राहिली. "दिवसा खटका आबांच्या बाजूला राहील," ती म्हणाली. "आणि रात्री?" मी विचारलं. "रात्री तुमच्या. पण आवाज खालच्या काकूंपर्यंत जायचा नाही." एवढं ठरल्यावर भोक पाडलं.

आता आबांना खुर्चीत बसवायचं कसं? "तुमच्यासाठी केलंय" म्हटलं असतं तर ते बसले नसते. मी डाव्या बाजूने गेलो आणि म्हणालो, "आबा, हे सगळं विकतोय. घ्यायला माणूस येणार आहे. तो काय खोड काढेल ते आधी तुम्ही बघून सांगा. मालासमोर बसूनच बघेल तो, गेटवर जाणार नाही."

आबांचे नवे डोळे चमकले. खोड काढायची म्हटल्यावर त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली, डाव्या खोक्याच्या समोर, कान त्याच्याकडे करून. माझ्या सगळ्या मापांच्या बाहेर. बायको पदर तोंडाला लावून दारात उभी होती. मी खटका दाबला आणि गाणं सुरू केलं.

आबा वाढव म्हणाले नाहीत. पहिलं कडवं झालं. तबल्याच्या एका तुकड्याला त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर हलला. व्हायोलिन आलं तसे ते पुढे सरकले. दुसरं कडवं. गाणं संपलं तरी ते उठले नाहीत.

"कुठलं गाणं हे?" शेवटी ते म्हणाले.

"तेच. पहिल्या रविवारचं."

"त्यात फिडल व्हतं?"

"होतं."

मी गाणं पुन्हा सुरू केलं. आबा उठून उजव्या खोक्यापाशी गेले, डावा कान त्याला लावला. पुन्हा ऐकलं. मग डाव्या खोक्यावर हात फिरवला, कडेकडेने, जिथे सुताराशी माझं भांडण झालं होतं तिथपर्यंत. आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. ते तोंड मी ओळखतो. सीवूड्सला मी तेच केलं होतं.

"ह्यो माणूस कवा येणार हाय?"

"येईल दोन दिवसांत."

"उजवं दे त्याला. त्यातनं आवाजच येत न्हाई, बिघडलेलं हाय. त्याला सांगू नको बिघडलंय म्हणून. पण हे डावं द्यायचं न्हाई."

"आबा, जोडी असते ती. एक कोण घेणार?"

"न घिऊ दे. डावं द्यायचं न्हाई म्हणलो ना." त्यांनी आवाज खाली आणला, जणू माल ऐकेल. "थोरल्यानं मागितलं तरी द्यायचं न्हाई."

मी हो म्हणालो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

घेणारा माणूस अजून आलेला नाही. आबा सकाळी चहा झाला की खटका स्वतः दाबतात, गाणं लावतात, आणि मधून मधून विचारतात, त्या माणसाचं काय झालं. मी सांगतो, किमतीवर अडलंय. आबा म्हणतात, "आडू दे. तू खाली उतरू नको."